हिरा जळतो, हे कळल्यानंतर

हिरा जळतो, ही गोष्ट माणसाला फार उशिरा कळली. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये खाणी सापडेपर्यंत जगाच्या बाजारातले बहुतेक हिरे भारतातून जात. कौटिल्यानं अर्थशास्त्रात हिऱ्याचे गुणदोष नोंदवले, वराहमिहिरानं बृहत्संहितेत हिऱ्याच्या परीक्षेला स्वतंत्र अध्याय दिला. कोन, टोकं, तेज, डाग, वजन या साऱ्याची पारख पक्की झाली होती. पण हा दगड कशाचा बनला आहे हे समजायला तो नाहीसा करून पाहावा लागला. ते घडलं फ्लॉरेन्समध्ये, 1694-95 च्या सुमारास. टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याच्या आश्रयानं अवेरानी आणि तार्जोनी या दोघांनी मोठ्या भिंगातून सूर्यकिरण एकवटून हिऱ्यावर धरले. हिरा वितळला नाही. तो लहान लहान होत गेला आणि संपला. मागे राखही उरली नाही.

न्यूटननं 1704 च्या आपल्या प्रकाशशास्त्रावरच्या ग्रंथात वेगळ्याच वाटेनं याच्या जवळ जाणारा अंदाज बांधला. हिरा प्रकाशाला त्याच्या घनतेच्या मानानं फार जास्त वाकवतो, आणि असं वागणारे बाकीचे पदार्थ म्हणजे टर्पेंटाइन, अंबर, तेलं. सगळे पेटणारे. तेव्हा हिराही गोठलेला स्निग्ध पदार्थच असावा, असं त्यानं लिहिलं. तो तेलाचा नातलग नाही, पण पेटणाऱ्यांच्या घराण्यातला आहे, एवढं न्यूटननं बरोबर ओळखलं.

पॅरिसमध्ये 1772 साली हा वाद पुन्हा पेटला. जवाहिऱ्यांचं म्हणणं, हिऱ्याला आग काही करत नाही. डाग घालवायला आम्ही हिरे तापवतोच. रसायनशास्त्रज्ञ सांगत होते की भट्टीत ठेवलेले हिरे डोळ्यांदेखत नाहीसे झाले. मैयार नावाच्या जवाहिऱ्यानं आपले तीन हिरे पुढे केले. त्यानं ते कोळशाच्या भुकटीत दाबून मातीच्या पात्रात बंद केले आणि प्रखर आगीत घातले. पात्र फोडलं तेव्हा तिन्ही हिरे जसेच्या तसे निघाले. अंत्वान लाव्हाझिएनं यातली खोच पकडली. कोळशाच्या भुकटीत हवा पोचत नव्हती. हिरा उष्णतेनं उडून जात असता तर बंद पात्रातही घटला असता. तो फक्त हवेत नाहीसा होतो, म्हणजे तो जळतो. (आजही दागिना डाग देताना सोनार हिऱ्यावर बोरिक ॲसिडचा लेप लावतात, ते याच कारणानं. हवा लागली नाही तर हिरा वाचतो.) मग लाव्हाझिएनं काचेच्या बंद भांड्यात भिंगानं हिरा जाळला आणि आतली हवा चुन्याच्या निवळीतून सोडली. निवळी दुधाळ झाली. लाकडाचा कोळसा जाळल्यावर व्हायची, तशीच. त्यानं साम्य नोंदवलं, पण हिरा म्हणजे कोळसाच, हे वाक्य लिहायला त्याचा हात धजला नाही. मला हा संयम फार मोठा वाटतो. एकसारखा वायू निघाला म्हणजे पदार्थ एकच, हे अजून सिद्ध व्हायचं होतं.

दरम्यान हिरा आणि कोळसा यांचं तिसरं भावंड इंग्लंडच्या उत्तरेला, कंबरलँडमधल्या बॉरोडेलच्या डोंगरात वेगळ्याच नावानं नांदत होतं. सोळाव्या शतकाच्या मध्यावर तिथे एक काळा, मऊ, हाताला लागणारा खनिज पदार्थ सापडला. धनगर त्यानं मेंढ्यांवर खुणा करत. कोन्राड गेस्नर या स्विस निसर्गअभ्यासकानं 1565 साली लाकडात बसवलेल्या अशा कांडीचं चित्र छापलं. लोकांना वाटलं हे शिसंच. शिसपेन्सिल हे आपलं नावही त्याच समजुतीतून आलं. तोफगोळ्यांच्या साच्यांना आतून हा पदार्थ फासला की गोळे गुळगुळीत निघत. त्यामुळे त्याची किंमत इतकी वाढली की 1752 मध्ये ब्रिटिश संसदेनं या खाणीतल्या चोरीविरुद्ध खास कायदा केला. त्याच सुमारास युरोपभर आणखी एक काळं, चकचकीत, मऊ खनिज याच्याशी घोळून वापरलं जात होतं, मॉलिब्डेना. स्वीडनमधल्या औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या कार्ल शीलं या विलक्षण माणसानं 1778 आणि 1779 मध्ये हे दोन्ही वेगळे केले. मॉलिब्डेनात गंधक आणि एक नवा धातू होता. पेन्सिलीतलं द्रव्य मात्र सोऱ्याबरोबर तापवल्यावर तोच वायू सोडत होतं, जो कोळसा सोडतो. दहा वर्षांनी व्हेर्नर या खनिजशास्त्रज्ञानं त्याला ग्राफाइट म्हटलं. शीलंनं वेगळ्या केलेल्या या जोडीकडे आपण परत येऊ, कारण दीडशेहून अधिक वर्षांनी ती उंच आकाशात आणि अवकाशात एकमेकांसमोर उभी राहणार होती.

फ्रान्स-ब्रिटन युद्धात बॉरोडेलचा माल बंद झाला तेव्हा निकोला-झाक काँतेनं कमअस्सल ग्राफाइटची पूड मातीत मळून, भाजून पेन्सिलीच्या कांड्या केल्या. त्याचं पेटंट 1795 चं. माती वाढवली की रेघ फिकी आणि टणक, कमी केली की काळी आणि मऊ. आज दुकानात आपण एचबी किंवा टूबी मागतो, ते हेच प्रमाण.

हिऱ्याचं प्रकरण स्मिथसन टेनंट या रसायनशास्त्रज्ञानं 1797 मध्ये तराजूवर आणलं. त्यानं हिऱ्याचे बारीक तुकडे सोऱ्याबरोबर सोन्याच्या नळीत तापवले. सोरा ऑक्सिजन पुरवतो आणि सोनं त्याला दाद देत नाही. निघालेला कार्बन डायऑक्साइड त्यानं मोजला. तेवढ्याच वजनाच्या कोळशातून जेवढा मिळतो, तेवढाच भरला. लाव्हाझिएनं जिथे थांबणं पसंत केलं होतं, तिथून पुढचं पाऊल पडलं, आणि ते पडायला नुसतं साम्य पुरलं नाही, वजनच लागलं.

तरी शंका शिल्लक होती. हिऱ्यात कोळशाबरोबर थोडा हायड्रोजन असेल आणि त्यामुळेच तो वेगळा दिसत असेल तर? हंफ्री डेव्ही 1814 च्या मार्चमध्ये फ्लॉरेन्सला पोचला. युद्ध चालू असताना नेपोलियनच्या परवानगीनं तो युरोपात फिरत होता, आणि मदतनीस म्हणून बरोबर 22 वर्षांचा मायकेल फॅरडे होता. सुमारे 120 वर्षांपूर्वी हिरा नाहीसा करणारं ड्यूकचं भिंग अजून तिथेच होतं. काचेच्या गोलात शुद्ध ऑक्सिजन भरला, प्लॅटिनमच्या छोट्या पात्रात हिरा ठेवला आणि भिंगाचा झोत त्यावर धरला. बराच वेळ काही झालं नाही. मग हिरा एकदम पेटला. झोतातून बाजूला काढल्यावरही तो स्वतःच्या लाल प्रकाशात जळत राहिला. गोल थंड झाल्यावर डेव्हीनं काचेवर पाण्याचा थेंब शोधला. हायड्रोजन असता तर पाणी झालंच असतं. थेंब नव्हता. गोलात नवा तयार झाला होता तो फक्त कार्बन डायऑक्साइड. हिऱ्यात कार्बनखेरीज काही नाही, हे त्या दिवशी मिटलं.

आणि खरी अडचण इथेच सुरू झाली. द्रव्य एक, तर गुण इतके टोकाचे का? हिरा पारदर्शक, वीज न वाहू देणारा, माहीत असलेल्या खनिजांत सर्वांत कठीण. ग्राफाइट काळं, वीजवाहक, नखानं ओरखडता येणारं. हिऱ्याची घनता घन सेंटिमीटरला 3.5 ग्रॅम, ग्राफाइटची 2.2 च्या आसपास. बर्झेलियसनं 1841 च्या सुमारास या प्रकाराला अपरूपता असं नाव दिलं. नावानं कारण कळत नाही. ऑक्सफर्डच्या बेंजामिन ब्रॉडीला तर 1859 मध्ये वाटलं की ग्राफाइटमधला कार्बन हा मुळात वेगळाच, 33 अणुभाराचा पदार्थ आहे. त्याला त्यानं ग्रॅफॉन म्हटलं. हे अनुमान टिकलं नाही. पण तीव्र आम्लांनी ग्राफाइटच्या पातळ पापुद्र्यांपर्यंत जाण्याची जी रीत त्यानं काढली, तिच्या सुधारित आवृत्त्या आजच्या प्रयोगशाळांत रोज वापरल्या जातात.

उत्तर रचनेत होतं. 1874 साली 22 वर्षांच्या व्हांट हॉफनं आणि स्वतंत्रपणे ल बेलनं मांडलं होतं की कार्बनचे चार बंध चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांकडे वळलेले असतात. ज्येष्ठांनी ते हसण्यावारी नेलं. 1913 मध्ये ब्रॅग पितापुत्रांनी क्ष-किरण हिऱ्यातून सोडले आणि तेच चतुष्फलक समोर आलं. प्रत्येक अणूला चार शेजारी, चौघेही सारख्या अंतरावर, 1.54 अँगस्ट्रॉम. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग. अख्खा हिरा म्हणजे एकच सलग बांधणी, कुठेही ढिला सांधा नाही. चारही इलेक्ट्रॉन बंधांत गुंतलेले, म्हणून वीज वाहायला कोणी मोकळा नाही आणि दृश्य प्रकाश शोषायलाही नाही. अणू हलके आणि बंध ताठ, म्हणून उष्णतेची कंपनं झपाट्यानं पसरतात. शुद्ध हिरा तांब्याच्या सुमारे पाचपट उष्णता वाहून नेतो. उष्णता आणि वीज या दोन वाटा वेगळ्या असतात, हे इतकं स्वच्छ दाखवणारा दुसरा पदार्थ मला माहीत नाही.

जे. डी. बर्नालनं 1924 मध्ये ग्राफाइटची रचना नेमकी मांडली. इथे प्रत्येक अणूला तीनच शेजारी, 1.42 अँगस्ट्रॉमवर, हिऱ्याहूनही जवळ. षटकोनांच्या सपाट जाळ्या एकावर एक रचलेल्या, आणि दोन जाळ्यांमधलं अंतर मात्र 3.35. म्हणजे ग्राफाइट हा दुबळ्या बंधांचा पदार्थ नव्हे. जाळीच्या आत तो हिऱ्यापेक्षा घट्ट आहे. दुबळेपणा आहे तो फक्त दोन जाळ्यांमध्ये. चौथा इलेक्ट्रॉन जाळीभर हिंडतो, म्हणून वीज वाहते, पण जाळीच्या दिशेनं. के. एस. कृष्णन यांनी 1930 च्या दशकात ढाक्याला आणि मग कलकत्त्याला ग्राफाइटचे एकसंध स्फटिक घेऊन हा दिशाभेद चुंबकत्वात आणि वीजवहनात मोजला. जाळीच्या दिशेचं आणि तिला आडव्या दिशेचं मोजमाप एकाच पदार्थाचं आहे हे पटू नये, इतका फरक होता. सी. व्ही. रामन यांना हिऱ्याचं वेड होतं. बंगळूरमध्ये त्यांनी हिरे जमवले आणि हिऱ्याहिऱ्यांतल्या फरकाचं मूळ स्फटिकाच्या वेगवेगळ्या बांधणीत आहे असा आग्रह धरला. कॅथलीन लॉन्सडेल यांनी त्याला विरोध केला. पुढे 1959 मध्ये दिसलं की बऱ्याच हिऱ्यांत थोडा नायट्रोजन मिसळलेला असतो आणि फरक मुख्यत्वे त्याचा आहे.

ग्राफाइटच्या जाळ्या एकमेकींवरून घसरतात म्हणून ते गुळगुळीत, असं शाळेच्या पुस्तकात असतं. हे अर्धंच खरं आहे. मिक्सर दुरुस्त करणारा ‘कार्बन गेले’ म्हणतो, ते कार्बन म्हणजे मोटारीच्या फिरत्या भागाला टेकून वीज पोचवणारे ग्राफाइटयुक्त ठोकळे. दुसऱ्या महायुद्धात उंच उडणाऱ्या विमानांच्या जनित्रांतले हे ठोकळे अचानक पीठ होऊ लागले. जमिनीवर दीर्घकाळ टिकणारा ठोकळा उंचीवर बघता बघता झिजून जाई. जाळ्यांच्या घसरणीनंच काम चालत असतं तर उंचीनं काय फरक पडणार होता? जनरल इलेक्ट्रिकच्या आर. एच. सॅव्हेजनं निर्वात भांड्यात प्रयोग करून दाखवलं की ग्राफाइटला बाष्प लागतं. जाळीच्या कडांवरचे अणू अपुऱ्या बंधांचे असतात. हवेतलं पाणी त्यांना झाकून टाकतं. वर हवा विरळ आणि कोरडी, कडा उघड्या पडतात, समोरच्या पृष्ठभागाला चिकटतात आणि ओरबाडल्या जातात. शीलंनं वेगळं केलेलं ते दुसरं काळं खनिज, मॉलिब्डेनम डायसल्फाइड, पाण्याशिवायही घसरतं. म्हणून अवकाशयानांच्या सांध्यांत ग्राफाइट नाही, तेच वापरतात. दोन शतकं डोळ्यांना एकच वाटलेल्या दोन पदार्थांमधला भेद असा शेवटी निर्वात पोकळीत पडताळला गेला.

कठीणपणाचीही अशीच गैरसमजूत आहे. हिरा ओरखडत नाही, पण फुटतो. ठरावीक सपाट पातळ्यांवर एक नेमका टोला बसला की दुभंगतो, आणि पैलू पाडणाऱ्यांचा जुना धंदा याच गुणावर चालत आला. घण मारून खरेपणा तपासण्याच्या सल्ल्यापायी किती अस्सल हिरे गेले असतील.

आणखी एक गोष्ट मनाला पटायला वेळ लागतो. आपल्या अवतीभवतीच्या दाबात आणि तापमानात टिकाऊ रूप हिरा नाही, ग्राफाइट आहे. हिरा ग्राफाइट होत नाही एवढ्याचसाठी की त्याला आपली सगळी बांधणी आधी मोडावी लागेल. उलट दिशेनं जायचं तर प्रचंड दाब हवा. जनरल इलेक्ट्रिकमध्येच ट्रेसी हॉलनं 16 डिसेंबर 1954 रोजी ते साधलं, एक लाख वातावरणांच्या आसपासच्या दाबात. स्वीडनच्या आसेआ कंपनीनं त्याआधी 1953 मध्ये हिरे केले होते, पण ते जाहीर केलं नव्हतं. आज मिथेन आणि हायड्रोजनच्या वायूतून, कमी दाबात, हिऱ्याच्या बीजावर थरावर थर चढवूनही हिरे वाढवले जातात. सूरत तर या प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांचंही मोठं केंद्र झालं आहे. अणूंच्या मांडणीत ते खाणीतल्या हिऱ्याहून वेगळे नाहीत.

काजळीच्या रचनेकडे मात्र कोणी ढुंकून पाहिलं नाही. अजिंठ्याच्या भिंतींवरचा काळा रंग काजळीचा आहे, जुन्या पोथ्यांची शाई काजळी आणि डिंकाची. कार्बन प्रकाशानं विटत नाही, म्हणून ती अक्षरं आजही काळी आहेत. या अव्यवस्थित वाटणाऱ्या धुरातच एक अत्यंत रेखीव रूप लपलं होतं. सप्टेंबर 1985 मध्ये ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात हॅरी क्रोटो, रॉबर्ट कर्ल आणि रिचर्ड स्मॉली यांनी लेझरनं ग्राफाइटची वाफ केली आणि वजनमापक यंत्रावर 720 चा उंच सुळका दिसला. कार्बनचा अणुभार 12, म्हणजे 12 गुणिले 60. साठ अणू एकत्र कसे बसतील? स्मॉलीनं रात्री कागद कापून जोडले. नुसत्या षटकोनांची जाळी सपाटच राहते. मध्ये पंचकोन घातले की ती वळते. बारा पंचकोन आणि वीस षटकोन, फुटबॉलच्या शिवणीसारखे. जपानच्या एइजी ओसावानं 1970 मध्येच असा रेणू असू शकेल असं लिहिलं होतं, पण जपानीत, आणि ते बाहेर पोचलं नाही. 1990 मध्ये क्रेचमर आणि हफमन यांनी ग्राफाइटच्या कांड्यांची वाफ करून काजळी केली आणि ती बेंझिनमध्ये घातली, तर लाल द्रावण तयार झालं. हिरा किंवा ग्राफाइट अशा साध्या द्रवात विरघळत नाहीत. हे रूप विरघळलं, कारण ते सुट्या रेणूंचं होतं. पुढच्याच वर्षी सुमिओ ईजिमानं त्याच जाळीच्या गुंडाळलेल्या नळ्या दाखवल्या.

मग सुटी जाळी का नाही? आंद्रे गाइम आणि कोन्स्टान्टिन नोवोसेलोव्ह यांनी 2004 मध्ये मँचेस्टरला ती मिळवली, तीही चिकटपट्टीनं. ग्राफाइटचा पृष्ठभाग साफ करायला पट्टी लावून ओढायची आणि फेकून द्यायची, हा प्रयोगशाळांचा रिवाज होता. त्यांनी फेकायची पट्टीच तपासली, पापुद्रे पुन्हापुन्हा दुमडून सोलले आणि सिलिकॉनवर टेकवले. सिलिकॉनवरच्या ऑक्साइडच्या थराची जाडी नेमकी असली, तर एका अणूच्या जाडीचा तुकडाही साध्या सूक्ष्मदर्शकात फिकट डागासारखा दिसतो. हीच ग्राफीन. ती दृश्य प्रकाशाचा 2.3 टक्के भाग शोषते. एका अणूच्या जाडीला हे पुष्कळच झालं.

पण माझ्या मते या वंशावळीतला सर्वांत मोलाचा आणि सर्वांत कमी सांगितला गेलेला दुवा रोझलिंड फ्रँकलिनचा आहे. डीएनएच्या आधी तिनं युद्धकाळात ब्रिटनमध्ये दगडी कोळशाचा अभ्यास केला आणि नंतर पॅरिसमध्ये तो पुढे नेला. 1951 च्या शोधनिबंधात तिनं कार्बनच्या दोन जाती दाखवल्या. काही कोळसे, उदाहरणार्थ कोकिंग कोळशाचा कोक, 3000 अंशांपर्यंत तापवले की शिस्तीत ग्राफाइट होतात. आणि साखरेच्या कोळशासारखे काही, कितीही तापवा, होत नाहीत. तिनं क्ष-किरणांच्या पुसट पट्ट्यांतून कारण वाचलं. दोन्हींत जाळीचे बारीक तुकडे आहेत. पहिल्या जातीत ते जवळजवळ समांतर असतात, तापवल्यावर सरकून जुळतात. दुसऱ्या जातीत तुकडे वेडेवाकडे पडून एकमेकांना आडव्या बंधांनी घट्ट धरलेले, मध्ये पोकळ्या. ते सरकूच शकत नाहीत.

नारळाच्या करवंटीचा कोळसा या दुसऱ्या जातीचा. पहिल्या महायुद्धात गॅसमास्कसाठी तोच उपयोगी पडला, आणि घरच्या पाण्याच्या फिल्टरमध्ये बहुधा तोच असतो. सक्रिय केल्यावर त्याच्या एका ग्रॅमला हजारभर चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो, तो त्या पोकळ्यांमुळेच. ग्राफाइटच्या जाळ्यांमध्ये लिथियमचे आयन शिरतात, म्हणून फोनच्या बॅटरीचा ऋण ध्रुव मुख्यतः ग्राफाइटचा. सोडियम स्वस्त आणि मुबलक, पण तो त्या जाळ्यांमध्ये नीट शिरत नाही. फ्रँकलिनच्या दुसऱ्या जातीत मात्र शिरतो. म्हणून जगभर, आणि पुण्याच्या आयसरमध्येही, जिथे सोडियम-आयन बॅटऱ्यांवर काम चालतं, तिथे ऋण ध्रुवासाठी आधी विचार होतो तो कधीच ग्राफाइट न होणाऱ्या या कोळशाचा, आणि त्यासाठी करवंट्यांपासून शेतातल्या काडीकचऱ्यापर्यंत सगळं भट्टीत घालून पाहिलं जात आहे.